नियम सगळ्यांना, की फक्त पोरींना?

सेक्स, लग्न, गर्भनिरोधक, गर्भपात... चर्चने आपल्या जुन्या भूमिकेवर ठाम राहावं का? वसईतल्या दोस्तांशी गप्पा मारताना निघालेला हा विषय थेट आयर्लंडच्या गॉलवेपर्यंत जाऊन पोहोचला.

लग्न ठरलं की आपल्याकडे पहिली धावपळ हॉलसाठी. वसईतल्या कॅथलिक घरांमध्ये त्याच्या जोडीला आणखी एक काम असतं, क्लास लावायचं! चर्चमध्ये लग्न करायचं तर दोघांनाही विवाहपूर्व शिबिर करावं लागतं. त्यात पैशांचं नियोजन, सासर-माहेर, भांडण झालं तर ते मिटवायचं कसं, असं बरंच काही शिकवतात. (हा क्लास सगळ्याच धर्मांच्या मुलामुलींना सक्तीचा करावा असं माझं प्रामाणिक मत आहे.) आणि त्यातच एक भाग असतो कुटुंबनियोजनाचा. निरोध नको, गोळ्या नकोत, कॉपर-टी नको. पाळीचं चक्र मोजा, त्यातले दिवस ओळखा आणि संयम ठेवा, असं तिथे सांगितलं जातं.

‘मग तुम्ही काय ठरवलंत?’ गेल्या वर्षी लग्न झालेल्या एका ताईला मी विचारलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, ‘ऐकून घेतलं. आम्ही काय करणार ते फादरनाही माहीत असतं गं.’

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार भारतात एका ख्रिस्ती बाईमागे सरासरी १.८८ मुलं आहेत. हिंदूंमध्ये हाच आकडा १.९४ आहे. आता सगळे ख्रिस्ती काही कॅथलिक नाहीत, हे मान्य. पण हा आकडा नुसते दिवस मोजून एवढा खाली आला, असं म्हणणं जरा धाडसाचंच होईल.

म्हणजे नियम एकीकडे आणि माणसं दुसरीकडे. मग चर्चने नियम बदलावेत, की माणसं बदलली तरी आपण जागचं हलू नये? मी स्वतः ख्रिस्ती नाही. नालासोपाऱ्यात वाढले, त्यामुळे शाळेपासूनच्या निम्म्या मैत्रिणी वसईच्या गावांमधल्या. नाताळला त्यांच्या घरी केक खाताना या विषयावर कधी बोलणं व्हायचं नाही. कॉलेजात आल्यावर मात्र व्हायला लागलं. एकीचा बॉयफ्रेंड, दुसरीच्या बहिणीचा मोडलेला संसार, तिसऱ्याचं आणखी काही. आणि प्रत्येक गोष्टीत कुठेतरी चर्च होतंच.

सगळं एका गाठीत

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, चर्चकडे ‘हे करू नका’ची लांबलचक यादी आहे. खरं तर कॅथलिक शिकवणीत एकच गाठ आहे. शरीरसंबंधाचे दोन अर्थ मानले जातात. एक, नवरा-बायकोचं एकमेकांना वाहून घेणं. दोन, नव्या जिवाला दार उघडं ठेवणं. हे दोन अर्थ माणसाने मुद्दाम तोडायचे नाहीत. बाकीचं सगळं यातूनच येतं. गर्भनिरोधक नको, कारण दुसरा अर्थ तुटतो. टेस्ट ट्यूब बेबी नको, कारण तिथे मूल आहे पण मिलन नाही. लग्नाआधी नको आणि समलिंगी संबंधही नकोत, ते याच हिशोबाने. त्यामुळे ‘एवढं एक तरी बदला की’ असं आपण म्हणतो, तेव्हा चर्चमधल्या परंपरावाद्यांना एक टाका उसवला तर सगळं कापडच उसवेल अशी भीती वाटते. ही भीती उगाच नाही.

कारण तो टाका एकदा उसवलेला त्यांनी पाहिला आहे. साल होतं १९३०. तोवर गर्भनिरोधकांच्या विरोधात बहुतेक सगळी चर्चेस एकत्र होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लॅम्बेथच्या परिषदेत अँग्लिकन बिशपांनी विवाहित जोडप्यांना काही ठरावीक परिस्थितीत सूट दिली. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, पोप पायस अकरावे यांनी पत्रक काढून उत्तर दिलं: अजिबात नाही.

पुढे १९६० मध्ये अमेरिकेत गोळी आली आणि प्रश्न परत डोकं वर काढू लागला. पोपनी एक समिती नेमली. त्यात डॉक्टर होते, अर्थतज्ज्ञ होते, चक्क संसारी जोडपीही होती. शेवटच्या टप्प्यात बिशप आणि कार्डिनल आले, त्यांत मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस होते. समितीतल्या बहुमताचा कल शिकवण बदलता येईल असा पडला. पोप पॉल सहावे यांनी तो मानला नाही. २५ जुलै १९६८ ला ‘ह्युमाने विते’ हे परिपत्रक आलं आणि दार पुन्हा बंद झालं. हेच पोप १९६४ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत येऊन गेले होते. तेव्हा आपल्याकडे सरकारचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू होऊन बारा वर्षं झाली होती.

ठामपणा कामी येतो तेव्हा

इथवर वाचून ‘किती मागासलेले लोक’ म्हणून पान उलटणार असाल तर जरा थांबा. कारण ठाम राहण्याची एक बाजू अशी आहे, जी मला ही स्टोरी करायला घेईपर्यंत कुणी सांगितली नव्हती.

ज्या १९३० च्या पत्रकात पायस अकरावे यांनी गर्भनिरोधक नाकारले, त्याच पत्रकात ‘निकृष्ट’ ठरवलेल्या माणसांच्या सक्तीच्या नसबंदीलाही नकार दिलेला आहे. हे त्या काळच्या फॅशनच्या विरोधात होतं. ‘चांगल्या वंशाची’ माणसं वाढवायची आणि बाकीच्यांची प्रजा थांबवायची, हे तेव्हा आधुनिक विज्ञान समजलं जायचं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तसे कायदे होते. जर्मनीत १९३३ मध्ये हिटलरने तो कायदा आणला, आणि १९३९ पासून मनोरुग्ण आणि अपंग माणसांना थेट मारायला सुरुवात झाली. ३ ऑगस्ट १९४१ ला म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स फॉन गालेन यांनी भर चर्चमध्ये उभं राहून हे खून आहेत असं सांगितलं. प्रवचनाच्या प्रती चोरून देशभर वाटल्या गेल्या. त्याच महिन्यात हिटलरला ती मोहीम अधिकृतपणे थांबवावी लागली. तोवर सुमारे सत्तर हजार माणसं गेली होती आणि पुढेही हत्या छुप्या रीतीने चालू राहिल्या. ज्यूंच्या छळाबद्दल याच बिशपांनी असं जाहीर प्रवचन दिलं नाही, हेही लिहायला हवं. पण काळाबरोबर चालणारा धर्म त्या दिवशी गप्प बसला असता, एवढं नक्की.

लांबचं उदाहरण नको असेल तर आपलं घ्या. १९७६ मध्ये, आणीबाणीत, तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. आपल्या आजी-आजोबांच्या शरीराचं काय करायचं ते मंत्रालयात ठरलं असतं! शरीर ही सरकारची मालमत्ता नाही, हे म्हणणारं कुणीतरी समाजात लागतंच. ते ‘कुणीतरी’ दर वेळी पुरोगामीच असतं असं नाही.

वसईचा एक मित्र इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रविवारची मिस्सा न चुकवणारा. त्याचं म्हणणं असं की सगळे करतात म्हणून ती गोष्ट बरोबर, हा काही मुद्दा होत नाही. ‘डेटिंग ॲपवर आज एक, उद्या दुसरी, आणि कुणाला काही वाटत नाही. मला वाटतं. मग मी मूर्ख का?’ मूर्ख नाही तो. आणि त्याचा दुसरा मुद्दाही बिनतोड आहे: ज्या चर्चेसनी नियम सैल केले त्यांचे बाक भरले का? इंग्लंडमधलं अँग्लिकन चर्च एकेक पाऊल पुढे जात आलं आणि तरी रविवारची गर्दी ओसरतच गेली.

पण मग न हललेल्या चर्चचे बाक भरलेले राहिले का? याचं उत्तर हवं असेल तर आयर्लंडला जायला हवं. चर्चचा शब्द हाच जवळजवळ कायदा, असा देश होता तो.

एक गॉलवे, तीन गोष्टी

आयर्लंडमध्ये १९३५ पासून गर्भनिरोधक विकायला आणि बाहेरून आणायला बंदी होती. म्हणून २२ मे १९७१ ला डब्लिनच्या काही बायका ट्रेनने बेलफास्टला गेल्या. तिथे ब्रिटनचं राज्य, त्यामुळे दुकानात सगळं मिळायचं. प्रिस्क्रिप्शनशिवाय गोळ्या मिळेनात, तेव्हा त्यांनी चक्क ॲस्पिरिनच्या गोळ्या घेतल्या. परत आल्यावर डब्लिन स्टेशनवर कस्टमवाल्यांसमोर त्या फडकवल्या. कस्टमवाल्यांना कुठे ओळखू येणार होत्या! घटस्फोट तिथे १९९५ च्या सार्वमतापर्यंत नव्हताच, आणि तोही जेमतेम नऊ हजार मतांनी मिळाला.

याच देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे आहे. शहराचंही नाव तेच, परगण्याचंही तेच.

पहिली गोष्ट परगण्यातल्या ट्यूम गावची. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना ठेवण्यासाठी १९२५ ते १९६१ या काळात तिथे नन्सनी चालवलेलं एक गृह होतं. एका स्थानिक संशोधक बाईंनी मृत्यूच्या नोंदी काढल्या, तेव्हा त्या गृहात मेलेल्या ७९६ मुलांची नावं हाती आली. दफनाच्या नोंदी मात्र नाहीत. पुढे सरकारने नेमलेल्या आयोगाला तिथल्या जमिनीखालच्या टाकीसारख्या बांधकामात बाळांचे अवशेष सापडले. २०२१ च्या जानेवारीत आलेल्या अहवालानुसार देशभरातल्या अशा १८ संस्थांमध्ये मिळून सुमारे ९ हजार मुलं दगावली. अहवाल दोष एकट्या चर्चवर टाकत नाही. मुलींना घराबाहेर काढणारे आईबाप आणि जबाबदारी झटकणारे पुरुषही त्यात आहेत. मला प्रश्न पडतो तो याच पुरुषांबद्दल. त्यांना कोंडायला गृहं होती कुठे?

दुसरी गोष्ट तरुणांच्या मेळ्याची. ३० सप्टेंबर १९७९ ला पोप जॉन पॉल दुसरे गॉलवेच्या रेसकोर्सवर आले. जवळपास तीन लाख तरुण जमले होते. पोप येईपर्यंत गर्दीला गाणी-गप्पांत रंगवून ठेवायचं काम दोघांकडे होतं: गॉलवेचे बिशप एमन केसी आणि लोकप्रिय फादर मायकेल क्लिअरी. १९९२ मध्ये केसींना पद सोडावं लागलं, कारण त्यांना एका अमेरिकन बाईपासून मुलगा असल्याचं बाहेर आलं. मेळ्याच्या दिवशी तो मुलगा पाच वर्षांचा होता. मूल दत्तक देऊन टाक म्हणून केसींनी आपल्यावर दबाव आणला, असं त्याच्या आईने जाहीर सांगितलं. तिला द्यायची रक्कम केसींनी धर्मप्रांताच्या पैशांतून काढली होती, हेही उघड झालं. क्लिअरींच्या मृत्यूनंतर कळलं की त्यांचाही घर सांभाळणाऱ्या बाईबरोबर गुपचूप संसार होता. आणि हे फादर रेडिओवर, टीव्हीवर लोकांना लैंगिक नीतीचे धडे द्यायचे! लहान मुलांवरच्या अत्याचारांचे चौकशी अहवाल तर याच्यानंतर आले.

तिसरी गोष्ट बेळगावची आहे. सविता हलप्पनवार, वय ३१, बेळगावात वाढलेली दंतवैद्य, नवऱ्याबरोबर गॉलवेत राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात गर्भपात व्हायला लागला म्हणून ती तिथल्या हॉस्पिटलमध्ये दाखल झाली. बाळ वाचणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं. मग मला मोकळं करा, असं तिने विनवलं. पण गर्भाचे ठोके अजून चालू होते. आईच्या आणि गर्भाच्या जीविताचा हक्क सारखाच मानणारी दुरुस्ती १९८३ मध्ये आयर्लंडच्या घटनेत आली होती, आणि त्यासाठी चर्चने जोर लावला होता. हा कॅथलिक देश आहे, असं एका नर्सने तिला सांगितलं. हे त्या नर्सने पुढे चौकशीत कबूलही केलं. आपण आयरिश नाही आणि कॅथलिकही नाही, असं सविता म्हणाल्याचं तिच्या नवऱ्याने सांगितलं. २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्गाने ती गेली. संसर्ग वेळेत ओळखला नाही, देखरेखीत चुका झाल्या, असेही ठपके चौकशीत आले. पण ज्या कायद्याकडे बघत डॉक्टर थांबले, तो कायदा एका धर्माच्या शिकवणीतून आला होता, आणि ज्या बाईसाठी ते थांबले ती त्या धर्माची नव्हती.

१९८३ मध्ये सुमारे ६७ टक्के मतदारांनी ती दुरुस्ती आणली. २५ मे २०१८ ला ६६.४ टक्के मतदारांनी ती काढून टाकली. मतदानाआधी बेळगावहून सविताच्या वडिलांनी आयरिश लोकांना आवाहन केलं होतं. निकालानंतर नव्या कायद्याला लेकीचं नाव द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते नाव काही मिळालं नाही.

त्याआधी २०१५ मध्ये ६२ टक्के लोकांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने मत दिलं होतं. १९७० च्या दशकात ज्या देशात दहातली नऊ माणसं दर आठवड्याला मिस्सेला जात, तिथे ही वेळ आली. माझ्या इंजिनीअर मित्राला मी एवढंच म्हणाले, की हे चर्च कधी वाकलं नव्हतं. कायद्याच्या काठीवर टेकून उभं होतं. आणि ज्या नियमासाठी पोरींना कोंडलं, तोच नियम शिकवणाऱ्यांनी स्वतः मोडला तर झाकून ठेवला. लोकांनी पाठ फिरवली ती याच्याकडे. तो म्हणाला, ‘पण मग चूक नियम मोडणाऱ्यांची झाली, नियमाची कुठे?’ आमचं इथे अजून भांडण चालू आहे.

आपल्याकडे काय?

भारतात ख्रिस्ती २.३ टक्के. इथे चर्चच्या हातात काठी नाही, समजावण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. मला हे चर्चसाठी बरंच वाटतं. तरी जिथे ख्रिस्ती बायकांसाठी वेगळा कायदा होता, तिथे काय झालं बघा. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरपणा, किंवा सोडून जाणं, असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. नुसती मारहाण पुरेशी नाही! हे २००१ मध्ये बदललं. कॅथलिक चर्च आजही घटस्फोट मानत नाही. त्यांच्या न्यायालयात विवाह मुळात वैधच नव्हता असं ठरवून घ्यावं लागतं. तो निकाल सरकारदरबारी चालत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी मान्यता मागणारी याचिका फेटाळली. म्हणजे दोन्हीकडे खेटे. मैत्रिणीची मोठी बहीण सध्या हेच करतेय.

समलिंगी संबंधांचं चित्र जरा गुंतागुंतीचं आहे. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ परत जिवंत केलं. त्या खटल्यात काही ख्रिस्ती संघटना कलमाच्या बाजूने उभ्या होत्या. पण मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी तेव्हाच स्पष्ट केलं, की समलिंगी विवाह चर्चला मान्य नाही, मात्र या माणसांना चर्च गुन्हेगार मानत नाही. मला वाटतं, ठाम राहण्याची ही रीत ऐकून घेण्यासारखी आहे. आमच्या घरात आमचा नियम, पण त्यासाठी पोलीस बोलावणार नाही. कलम गेलं ते २०१८ मध्ये. १८ डिसेंबर २०२३ ला व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना साधा, विवाहविधीसारखा न दिसणारा आशीर्वाद द्यायला फादरना मुभा दिली, तर महिन्याभरातच आफ्रिकेतल्या बिशपांनी आमच्याकडे हे होणार नाही म्हणून कळवलं.

तर माझं मत, एका बाहेरच्या मुलीचं: चर्चने हवं तर ठाम राहावं. दुबळ्याच्या बाजूने राहिलं तर आम्हालाही त्याची गरज पडेल. पण मग बायकोला मारणाऱ्या नवऱ्यावरही तेवढंच ठाम प्रवचन व्हावं, झाकपाक करणाऱ्या वरिष्ठावरही व्हावं. दिवस गेलेली मुलगी दारात आली तर तिला आधी खुर्ची द्यावी. माझ्या तीन मैत्रिणींना मी विचारलं, तुमच्या चर्चमध्ये नवऱ्याच्या मारहाणीवर शेवटचं प्रवचन कधी ऐकलंत? तिघींपैकी एकीला आठवलं.

नवे पोप लिओ चौदावे यांनी २०२५ मधल्या एका मुलाखतीत सांगितलं, की लैंगिकता आणि विवाहाबद्दलची शिकवण नजीकच्या काळात बदलण्याची शक्यता फार कमी वाटते. हे मी एका मित्राला पाठवलं. तो चर्चच्या गायनवृंदात गातो, आणि गे आहे. वृंदातल्या दोघांना ते माहीत आहे, घरी माहीत नाही. मला वाटलं तो चिडेल. त्याचा उलट व्हॉइस मेसेज आला: ‘माहितीये गं. नियम माझ्या हयातीत बदलेल असं मी धरूनच चाललेलो नाही. फक्त आमच्यावर प्रवचन देताना आम्ही समोरच बसलोय, एवढं फादरनी लक्षात ठेवावं.’

नाताळच्या कॅरल्सची त्यांची प्रॅक्टिस या आठवड्यापासून सुरू होतेय. यंदा सोलो त्याला मिळालाय.